आधी सालदाराचा हिशोब

मावशी, सलाम.

मी 31 वर्षांची. सासर नवापूर तालुक्यात. आम्ही मावची आदिवासी, सासऱ्यांच्या आजोबांपासून घरात ख्रिस्ती विश्वास आहे. सासरे, म्हणजे आमचे पप्पा, मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, आहेत. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सहा एकर शेती आहे, ती आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी, बघतो. (पोळ्यापासूनचे त्याचे पैसे थोडे थकलेत, कापूस विकला की देणार आहोत.)

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी सालदाराची बायको सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. अंग तापलेलं, हातपाय दुखतात म्हणून कळवळत होती. बाईने विचारलं, नंदुरबारला नेता येईल का. पप्पांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, शांतीने जा, प्रभू बरं करील. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. अंगणात माझी स्कूटी होती, यांची मोटरसायकल होती. कोणी हललं नाही. मीही नाही. दोन दिवसांनी मुलीला दवाखान्यात टाकावं लागलं, रक्त चढवावं लागलं. आता ती घरी आहे.

तेव्हापासून त्या बाईकडे मला वर मान करून बघता येत नाही. पप्पांशी बोलले तर म्हणाले, आपलं तारण कृपेने आहे, कर्माने नाही, पुण्य कमवायच्या मागे लागू नकोस. नवरा म्हणतो, जास्त केलं तर गाव म्हणेल बाटवायला निघाले. नाताळात आमची मंडळी ब्लँकेटं वाटते, फोटो निघतात, तेवढंच. माझ्या हातात स्वतःचा पैसा नाही. मी काय करू? माझा विश्वास खोटा आहे का?

एक बहीण, नंदुरबार जिल्हा

*

पोरी, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो उशाशी घेऊन तू कितीतरी रात्री काढल्या असशील. तुझा विश्वास खोटा नाही. तो त्या संध्याकाळी दारात थिजला. थिजलेलं आणि मेलेलं यांत फरक असतो, हे मी 28 वर्षं परिचारिकेचं काम केलंय म्हणून सांगू शकते.

मीही थिजलेय. एका उन्हाळ्यात ड्युटी संपवून निघाले होते. बाहेरच्या बाकावर ऊसतोडीवरून परत आलेली एक बाई बसली होती, नवरा आत क्षयाने खंगलेला. तिने माझा हात धरला, म्हणाली, "आते काय करू, ताई?" मला शेवटची बस गाठायची होती. मी म्हणाले, "प्रार्थना करते हं," आणि निघाले. प्रार्थना मी खरंच केली, बसमध्ये, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. तिला एवढंच सांगायला हवं होतं की समोरच्या खिडकीवर हा कागद दाखव आणि उद्या सकाळी मला भेट. दोन मिनिटांचं काम होतं. त्या दोन मिनिटांची बोच अजून माझ्यासोबत आहे, म्हणून तुझी बोच मला कळते.

पण मुलीकडे जाण्याआधी मला तुझ्या पत्रातल्या कंसाकडे जायचंय. सालदाराचे पैसे पोळ्यापासून थकलेत, हे तू कंसात लिहिलंस, जाता जाता. माझी नजर तिथेच अडकली. ती बाई तुमच्या दारात गाडी मागायला आली. तिच्या नवऱ्याची मजुरी त्याच्या हातात असती, तर तिने गावातली रिक्षा केली असती आणि मुलीला परस्पर नंदुरबारला नेलं असतं. तुमच्या दारात उभं राहायची वेळच तिच्यावर आली नसती. तिने उपकार मागितला असं तुम्हाला वाटलं. खरं तर तिचंच काही तुमच्याकडे अडकलेलं होतं.

कापसाला भाव येईपर्यंत थांबणं तुम्हाला जमतं, कारण तुझ्या नवऱ्याचा पगार दर महिन्याला बँकेत येतो. सालदाराच्या घरी महिन्याचं असं काही येत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालाचा सौदा होतो तेव्हा त्याने वर्षाचे हातपाय तुमच्या शेताला दिलेले असतात. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात लिहिलंय की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. आणि ज्या याकोबाच्या पत्रातलं "क्रियांवाचून विश्वास निर्जीव" हे वचन आपण उठताबसता सांगतो, त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतमालकांनी अडवून ठेवलेली कापणाऱ्यांची मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. दुसरा अध्याय आपल्याला पाठ असतो. पाचव्यावर प्रवचन मी फार कमी वेळा ऐकलंय.

म्हणून तुझं पहिलं काम मदत नाही, हिशोब आहे. नवऱ्याला शांतपणे सांग की कापूस विकायची वाट बघायची नाही, पुढच्या पगारातून सालदाराचं सगळं चुकतं करायचं. तुझ्या हातात पैसा नाही म्हणतेस, पण हे सांगायला पैसा लागत नाही, थोडं धैर्य लागतं. एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, पण तारीख ठरवून, आणि ती तारीख सालदाराला सांगून. देताना "हे मुलीच्या औषधाला ठेव" असं म्हणू नका. त्याचे पैसे आहेत, तो त्यांचं काय करायचं ते करील.

आता पप्पांचं म्हणणं. ते चुकीचं बोलत नाहीत आणि तू त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, कर्माने नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये, हे इफिसकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या वचनांत आहे. त्यांना एवढीच विनंती कर की पान तिथेच मिटू नका, दहावं वचनही वाचू या. ते म्हणतं की आपण सत्कृत्यांसाठीच ख्रिस्तामध्ये निर्माण झालो आणि ती कृत्यं देवाने आधीच तयार करून ठेवलीत. पत्र लिहिणाऱ्या पौलाने हे एका दमात लिहिलंय. आपण मध्ये थांबतो.

हा वाद तुमच्या ओसरीवरचा नाही, फार जुना आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरला याकोबाचं पत्र इतकं खटकलं की 1522 साली नव्या कराराचं जर्मन भाषांतर काढताना प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. पण त्याच भाषांतरात, रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत, त्यानेच लिहिलं की विश्वास ही जिवंत, सतत कामात गुंतलेली गोष्ट आहे. सत्कर्म करायचं का हे ती विचारत बसत नाही, विचारायच्या आत तिच्या हातून ते झालेलं असतं. कर्माने तारण नाही हे ज्याने युरोपभर ठणकावून सांगितलं, त्याचंच हे म्हणणं. पप्पांना हे आवडेल असं मला वाटतं.

मला स्वतःला या प्रश्नावर सगळ्यात जास्त शिकवलं ते जक्कयाने. तो यरीहोचा जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसला होता. येशू झाडाखाली थांबून म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. जक्कयाने तोवर एक पैसाही कोणाला दिलेला नव्हता. आधी पाहुणा घरी आला, मग जक्कय उभा राहून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. येशूने त्याला कसलंही व्रत सांगितलं नव्हतं, पावती मागितली नव्हती. कृपा पुढे चालली आणि हिशोबाची वही तिच्या मागून आली. पण आली, हे विसरू नकोस. वही उघडल्यावरच येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं. पुण्य कमावणं आणि पाहुण्याच्या येण्याने घर बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पप्पांना पहिलीची भीती वाटते, ती रास्त आहे. तुला दुसरीची ओढ लागलीय.

आणि पप्पांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला त्याला मी नावं ठेवणार नाही. प्रार्थना आणि काम यांत भांडण लावणारी माणसं मला दोन्ही बाजूंना भेटलीत. पंडिता रमाबाईंइतकं प्रार्थनेचं माणूस आपल्या महाराष्ट्रात विरळा. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेची जी लाट उठली ती जगभरच्या मंडळ्यांत गाजली. त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं निघालेल्या विधवांना, मुलींना घेऊन आल्या. त्यांची प्रार्थना संपत कुठे होती आणि काम सुरू कुठे होत होतं हे कोणाला दाखवता आलं नसतं. तुमच्या अंगणात प्रार्थना संपली ती 'शांतीने जा' या शब्दांवर. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातही उघड्या-उपाशी भावाबहिणीला निरोप देणारा जवळजवळ हेच बोलतो. पप्पांनी "आमेन" म्हटल्यावर तू स्कूटीची किल्ली घेतली असतीस, तर तीच प्रार्थना पुरी झाली असती.

आता गावाची भीती. नवरा जे म्हणतो ते हवेतलं नाही. आपल्या भागात ख्रिस्ती माणसाने पाण्याचा तांब्या पुढे केला तरी कोणी ना कोणी शंका घेतं, आणि अशा शंकेतून घरांना त्रास झालेला मी पाहिलाय. पण त्या भीतीवर उपाय काही न करणं हा नाही. उपाय एवढाच की मदतीला दोरी बांधायची नाही. दवाखान्यात नेलं म्हणून रविवारी उपासनेला ये, असं ओठांवर काय, मनातही आणायचं नाही. त्यांचे देव, त्यांचे सण, त्यांचं घर त्यांचं आहे. तिने कधी आपणहून विचारलं की ताई तुम्ही हे का करता, तर खरं सांग, दोन वाक्यांत, आणि थांब. लूकच्या 17 व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका समजला जाणारा. बाकी नऊ कुठे, असं येशूने विचारलं खरं, पण त्या नवांचा कुष्ठरोग परत आला असं कुठेही लिहिलेलं नाही.

आपल्या खानदेशातलंच एक उदाहरण देते. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात हा पोरगेला कवी सगळ्यांच्या नजरेत भरला, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं, मुलासारखं सांभाळलं. टिळक तर उघड, हाडाचे मिशनरी. तरीही तो हिंदू मुलगा त्यांच्या घरात हिंदूच राहिला, आणि त्याच्यावरची त्या घराची माया काही कमी झाली नाही. 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा जेमतेम 27 वर्षांचा होता. टिळकांनी त्याला जेवू घातलं ते त्याचा धर्म बदलला म्हणून नव्हे, बदलेल म्हणूनही नव्हे. नवऱ्याला ही गोष्ट सांग.

आता त्या बाईकडे जा. एकटी जा, रिकाम्या हाताने जा. साडी नको, फळं नकोत, बायबलही नको. एवढंच म्हण: "त्या दिवशी मी गाडी काढायला हवी होती, मी काढली नाही, माझं चुकलं." ती बहुतेक म्हणेल, जाऊ द्या ताई. त्याला माफी समजू नकोस. तिचा नवरा तुमच्याकडे सालाने आहे, ती तुला दुसरं काय म्हणणार? तिचा राग मनात राहिला तर राहू दे, तो तिचा हक्क आहे. मग मुलीबद्दल विचार आणि जास्त ऐक.

काय करता येईल हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते, कारण इथे चांगल्या मनापेक्षा माहिती जास्त उपयोगी पडते. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला किंवा फार दमणूक झाली की रक्तातल्या विळ्यासारख्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. म्हणजे आपल्याकडची पौष-माघाची थंडी आणि वैशाखातलं ऊन, दोन्ही तिच्यासाठी धोक्याचे. शाळेत तिला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यायला हवी आणि लघवीला जायला अडवायला नको. तुझा नवरा शिक्षक आहे. एवढी गोष्ट तिच्या गुरुजींच्या कानावर घालणं त्याच्या हातात आहे, यात बाटवण्याचा वास कोणालाही येणार नाही. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, एकदम पांढरी पडली, पोट डाव्या बाजूला फुगलं किंवा हात वा पाय लुळा पडला, तर घरी थांबायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा, गाडी मोफत येते. हा नंबर त्यांच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेव.

तिची नेमाची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतात. अडचण असते ती जाण्याची. मजुरी बुडते, बसला पैसे लागतात, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते कळत नाही. तुझ्याकडे स्कूटी आहे आणि वाचता येतं. दर तपासणीला तू मायलेकींना घेऊन जा, डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिही. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसतो, म्हणून जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी कर. त्यावर पुढे सवलती मिळू शकतात. कागदाच्या या खेपा कंटाळवाण्या असतात, फोटोत दिसत नाहीत. बायबलातल्या यापो गावची टबीथा मेली तेव्हा विधवा बायकांनी येशूचा शिष्य पेत्र याला रडत रडत दाखवले ते तिने शिवलेले अंगरखे होते. नव्या करारात 'शिष्या' असं स्त्रीलिंगी नाव एकट्या तिलाच मिळालंय, आणि तिची ओळख सुईदोऱ्याची आहे.

मंडळीचंही सांगते. ब्लँकेटं बंद करा असं मी म्हणणार नाही, थंडी खरी असते. पण त्या मुलीला जे रक्त चढलं ते कोणीतरी दिलेलं होतं. नाताळाच्या आठवड्यात रक्तपेढीला बोलावून मंडळीच्या आवारात रक्तदान ठेवा. 18 ते 65 वयाचा, 45 किलोच्या वर वजन आणि 12.5 च्या वर हिमोग्लोबिन असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो; पुरुष दर तीन महिन्यांनी, बाई दर चार महिन्यांनी. पप्पांचं वय बसत असेल तर पहिल्या खाटेवर त्यांनाच झोपायला सांग. ज्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला त्यांनीच दंड पुढे केला, तर मंडळीतली तरुण मुलं मागे राहणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, ही पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, बोल. सिकलसेल भिल्ल, पावरा, मावची सगळ्यांमध्ये आहे, म्हणजे आपल्या बाकांवरही आहे. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे दोष अंगात असून आजारी नसले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास होत नाही, म्हणून कळतच नाही. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र दिलं तर एखाद्या रविवारी उपासनेनंतर तपासणी ठेवता येईल, आणि ती सगळ्या गावाला खुली ठेवा. आपण लग्नात पत्रिका बघत नाही. पाळकांनी लग्नाची घोषणा करण्याआधी दोघांचा सिकलसेलचा कागद मागायला सुरुवात केली, तर पुढच्या पिढीतली किती दुखणी जन्माच्या आधीच टळतील! वाहक निघाला म्हणून कोणाचं लग्न मोडायचं नाही, कोणाची चर्चा करायची नाही, एवढं मात्र भगिनी मंडळातल्या बायकांना आधीच बजावून ठेव.

हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस, दमशील आणि सोडशील. या महिन्यात हिशोब आणि त्या बाईची भेट. रक्तदान, तपासणी वगैरे पप्पांना हळूहळू पटेल, घाई नाही. मुलीला मात्र सोडायचं नाही. पुढची थंडी येईल तेव्हा ती आठ वर्षांची असेल, मग दहा, मग वयात येईल, आणि प्रत्येक वर्षी कोणीतरी स्कूटी काढायला लागेल.

पप्पांना माझा सलाम सांग. दवाखान्यातून घरी सोडतानाच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. त्या बाईला वाचता येत नसेल तर ती तारीख अजून कोणी पाहिलीही नसेल. उद्या गेलीस की आधी तो कागद माग.